जोगिया कुणासाठी

पडद्यावर आपला जवान बर्फात कोसळला आणि समिधानं जोगिया रागाचा करुण आलाप धरला. चौक गावाजवळच्या स्टुडिओत युद्धपटाच्या पार्श्वसंगीताचं काम चाललं होतं. दहिवलीत मुलांना शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्या समिधाला सिनेमासाठी गायची ही पहिलीच संधी.

दृश्य बदललं. शत्रूच्या फौजेतला एक कोवळा पोरगा छाती धरून गुडघ्यांवर आला. समिधाचा कोमल रिषभाचा सूर लांबत लांबत त्याच्यापर्यंत गेला.

"थांबा!" काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला. "ताई, जोगिया फक्त आपल्या जवानाला. हा पोरगा पडला की अडाणा राग घ्या, एकदम जोशात. खाली नगारे वाजतील."

"तोही मरतोय," समिधा म्हणाली.

"शत्रू आहे तो. लोकांनी टाळ्या वाजवायला हव्यात तिथं."

पुन्हा दृश्य लागलं. पोरगा गुडघ्यांवर आला, तरी समिधानं जोगिया सोडला नाही.

दिग्दर्शक आत आला. आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ सीमेवर शहीद झाला, म्हणून तर मुद्दाम तुम्हाला बोलावलं. जाहिरातीत त्याचं नाव घालणार आहोत. त्याला डोळ्यांसमोर आणा, मग बघा गळ्यातून कशी आग निघते."

समिधाची बोटं तानपुऱ्यावर थांबली. रोहिदासला तिरंग्यात गुंडाळून दारात आणलं, तेव्हा बाहेर घोषणा चालल्या होत्या, ढोल कडाडत होते. आई गर्दीत शिरली होती आणि एका ढोलावर दोन्ही हात दाबून ओरडली होती, "वाजवू नका रं! माजा पोर गेलाय."

"डोळ्यांसमोरच आहे तो," समिधा म्हणाली. "म्हणूनच नगारे नकोत."

"मग मुंबईहून दुसरी गायिका येईल. तुमचं नाव पडद्यावर दिसणार नाही."

"नका दाखवू. पण रोहिदासचंही नाव कुठं घालायचं नाही. माझा भाऊ होता तो, तुमचा नगारा नव्हता."

दिग्दर्शक दार आपटून निघून गेला. ध्वनिमुद्रण करणारा नीलेश काचेपलीकडे चुळबुळत उभा राहिला.

"नीलेश, लाव परत."

"ताई, सायेब घेनार नाय हो हे."

"त्यांच्यासाठी नाही गात."

नीलेशनं एकदा दाराकडे पाहिलं. मग लाल दिवा लागला.

बर्फ. आपला जवान. मग तो पोरगा. तो पुरता आडवा होईपर्यंत समिधानं श्वास तोडला नाही.