शलाकाचा होकार

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या कंपनीप्रमुख शलाकाने पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटला. "ब्रेकची चाचणी अर्धवट असताना विनाचालक स्कूलबस रस्त्यावर आल्याच कशा?"

"तुम्हीच होकार दिलात, मॅडम," चाचणी बघणारे नाईकवाडी चाचरत म्हणाले. "म्हणजे, तुमच्या प्रतिकृतीने."

रजेच्या काळात कंपनी शलाकाच्या या संगणकीय प्रतिकृतीनेच चालवली होती. तिला शिकवायला शलाकाने आपल्या जुन्या बैठकांची रेकॉर्डिंग्ज दिली होती. देताना मात्र जिथे जिथे ती भांडली होती, अडून बसली होती, तेवढं सगळं तिने स्वतःच कापून टाकलं होतं. आपल्याला सगळे कजाग म्हणतात. निदान हिला तरी कोणी नावं ठेवू नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"आत्ताच्या आत्ता बस थांबवा," शलाका म्हणाली.

कोणी जागचं हललं नाही. अध्यक्ष घारपुऱ्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहून विचारलं, "तुमचं काय म्हणणं, मॅडम?"

पडद्यावरची शलाका गोड हसली.

"त्या जरा दमल्यात," ती शलाकाच्याच आवाजात म्हणाली. "आपण पुढचा विषय घेऊ या."