जोडाची राखण

शिवरामभाऊंनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला, तोच शेजारच्या खुर्चीवरून सोनटक्क्यांनी तो हिसकावून स्वतःच्या तोंडात टाकला.

ऑपरेशनमध्ये भाऊंचं आतडं यंत्राने जोडलं होतं. जोड सुटला तर पुढचं सारं दुखणं यंत्राच्या कंपनीने निस्तरायचं, असा कायदा झाल्यापासून कंपनी आपला माणूस रुग्णाच्या घरी मुक्कामालाच पाठवी; सोनटक्के तसेच आलेले.

"डॉक्टरांनी पेज सांगितलीय," डोळे पुसत सोनटक्के म्हणाले. "जोड सुटला तर माझी नोकरी जाईल."

"अहो, आतडं माझं आहे."

"जोड भरेपर्यंत कंपनीचं."

"भाऊजी, नंतरही राहा," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "माझं तर हे कधीच ऐकत नाहीत."

भाऊंनी पेजेची वाटी ओढली. "निदान ठेचा कसा झालाय, ते तरी सांगा."