चुरा न लागलेला ग्लास

नोरीनने ग्लास पुढे केला आणि ग्रॉन्याच्या काळजात चर्र झालं. काठाला बिस्किटाचा चुरा. दर नाताळला त्या घरात लावायचे तसाच, मधात बुडवून. आत मलईची व्हिस्की, अगदी काठापर्यंत.

"घ्या बाई, लाजू नका. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या माणसाला आम्ही कोरड्या घशाने परत पाठवत नाही."

घ्या बाई. सख्खी आई म्हणत होती.

"अगं आई, ही ग्रॉन्या," शेकोटीत पीटची, जळणाच्या वाळल्या मातीची, ढेकळं टाकता टाकता तिचा भाऊ फिन्टन म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता.

"याला आल्यागेल्या सगळ्याच बायका ग्रॉन्या दिसतात," नोरीन पाहुणीकडे बघून हसली. "माझी ग्रॉन्या काय एवढी वाळकी आहे? आणि तू रे, ती खिडकीतली मेणबत्ती विझवू नकोस. एक जण यायचंय अजून."

फिन्टनने मान खाली घातली. ग्रॉन्या हातातल्या ग्लासाकडे बघत राहिली.

असल्याच एका ग्लासावरून मायलेकींचं वाजलं होतं. ग्रॉन्याच्या आतड्यांना गहू चालत नाही, जव चालत नाही. कणभर पोटात गेला तरी ती आठवडाभर आडवी. अमेरिकेत राहायला गेल्यावर बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं, पण नोरीनला ते काही केल्या पटेना. गव्हाच्या भाकरीवर वाढलेली पोर, तिला गहू बाधतो म्हणजे काय? त्या नाताळला ग्रॉन्या चुऱ्याच्या ग्लासाला नको म्हणाली, तेव्हा नोरीनने एप्रनच्या टोकाने काठ पुसला आणि शेजारीपाजारी बसलेले असताना तोच ग्लास तिच्या हातात कोंबला. "झालं, गेला तुझा गहू. आता पी मुकाट्याने."

सणासुदीला आईचं मन कुठे मोडा, म्हणून ग्रॉन्या प्याली. नाताळचा सगळा दिवस तिने न्हाणीघरात काढला. पोटात पीळ पडत होता आणि बाहेरून आईचा आवाज येत होता, "अमेरिकेची थेरं, दुसरं काय!" ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. सण संपायच्या आत ती जी गेली ती गेलीच. फिन्टनशी फोनवर बोलणं व्हायचं, पण आईने कधी फोन मागितला नाही, लेकीने आईला बोलाव म्हटलं नाही. हट्टाला दोघी सारख्याच. मधे वर्षं गेली.

मग यंदा थंडीच्या सुरुवातीला फिन्टनचा फोन आला. "आई माणसं विसरायला लागलीय. आणि बाटल्या लपवते गं. चोरून पीत असणार. यायचं तर आत्ता ये, नंतर येऊन उपयोग नाही."

म्हणून ती आली होती. आता तिला आईकडून माफीबिफी काही नको होती. एकदा नावाने हाक मारली असती तरी पुरलं असतं.

तिने ग्लास टेबलावर ठेवला. "मला गहू चालत नाही," ती हळूच म्हणाली. "बिनचुऱ्याचा मिळेल का?"

नोरीन तिच्याकडे टक लावून बघत राहिली. "तुम्हालाही?"

ती उठली. भिंतीला धरत कपाटापर्यंत गेली आणि खालचं दार उघडलं. आत बाटल्या होत्या, ओळीने मांडलेल्या, मलईच्या व्हिस्कीच्या. टेबलावरची उघडी बाटली वेगळी; यांतल्या एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं. जुन्यांतली मलई केव्हाच फाटली असणार. फिन्टन शेकोटी सोडून उभा राहिला. बाटल्यांच्या पुढे स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नोरीनने ते सोडलं. एक ग्लास निघाला.

"घरात हा एकच आहे ज्याला कधी चुरा लागला नाही," ती म्हणाली. "पुसायचं फडकंसुद्धा वेगळं ठेवलंय. व्हिस्की जवाची, म्हणून मी घाबरले होते. औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. ते म्हणाले, वाफ धरून काढतात, त्यात जवाचं काही उरत नाही, खुशाल द्या. तेव्हापासून दर नाताळला नवी बाटली आणते."

तिची बोटं ग्लासाच्या काठावरून फिरत होती.

"माझा माझ्या पोरीवर विश्वास नव्हता हो. ती आत कण्हत होती आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभी होते. तोंडाने थेरं म्हणत होते आणि कानाने सगळं ऐकत होते. दार वाजवायला हात उचलला गेला नाही माझा."

ग्रॉन्याचे डोळे भरून आले. ती उठून आईजवळ गेली आणि हात पुढे केला.

"द्या ना मग मला. त्यातलीच, थोडीशी."

नोरीनने ग्लास घाईघाईने फडक्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि एक पाऊल मागे सरकली.

"राग मानू नका, बाई. तुम्हाला मी चहा करून देते. हे माझ्या ग्रॉन्याचं आहे."