बोटभर कोंब

ताईने टबात कोपरापर्यंत हात घालून कमळाचा कंद वर काढला. काळा पडला होता. दाबल्यावर त्यातून पाणी आलं आणि कुजका वास.

"गेला," ती म्हणाली.

धाकटी बहीण शेजारच्या टबातलं शेवाळ काढत राहिली. त्या पांढऱ्या जातीचा एवढा एकच कंद होता. त्यासाठी ताईने तीन वर्षं वाट पाहिली होती. लावला तिनेच, नखं मुळापर्यंत कापून, कोंब चिखलाच्या वर राहील असा. धाकटीकडे टब उन्हात सरकवायचं काम तेवढं होतं. लावणी ती करत नसे, म्हणून नखांचा नियम तिला लागू नव्हता. सरकवताना कंद तरंगायला लागला. तिने अंगठ्याने दाबला आणि बोटभर कोंब कट्‌कन तुटला. कोंब तुटला की कंद कुजतो, हे रोपवाटिकेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. धाकटीने कोंब होता तिथेच चिखलात उभा खोचला. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाली, मग उद्या. नऊ दिवस झाले.

ताई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तो गेलं वर्षभर थरथरत होता, तसाच आताही.

"माझ्याच हातून दुखावला असणार. डॉक्टर म्हणालेच होते, बारीक कामं सोडा. मी कुठली ऐकायला?"

आत्ता बोलायला हवं होतं. धाकटीने तोंड उघडलं, आणि हातातलं शेवाळ बादलीत टाकलं.

ताईने कमरेची लावणीची सुरी काढून तिच्यापुढे धरली. तीस वर्षांत ती तिने कुणाच्या हाती दिली नव्हती.

"यापुढे लावणी तुझी. तुझा हात स्थिर आहे."

धाकटीने सुरी घेतली.

तेवढ्यात ढवळलेल्या पाण्यातून कोंब वर आला. तपकिरी झाला होता, कुजला नव्हता. ताईने तो उचलला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कोंब बोटांत फिरवला. तुटल्या जागेच्या जरा वर नखाची कोर उमटली होती.

तिने धाकटीच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिने कोंब टबाच्या काठावर ठेवला, कोर वर येईल असा. खिशातलं नेलकटर काढून त्याच्याशेजारी ठेवलं.

धाकटीने सुरी परत पुढे केली. ताईने ती घेतली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "आधी नखं काप."