जहांगीर मास्तरांची चाल

कामथडीपासून विंझरपर्यंतच्या वराती ट्रंपेटनं गाजवणाऱ्या जहांगीर मास्तरांचा उजवा हात वर्षापूर्वी लुळा पडला. मग त्या हाताला स्पर्शही कळेनासा झाला. भोरच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या लेकीनं आज त्यांना वर्गातल्या संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. समोरच्याचा हात वर गेला की संगणकातून चढा सूर निघे, खाली आला की खालचा. मुलं त्यातून चाली बांधून संगणकात साठवून ठेवत. तिनं मास्तरांचा हात उचलला, तेही त्यांना बघूनच कळलं. लेक तो झुलवू लागली, वरातीची चाल घुमली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. “अब्बा, ही चाल तुमची.” “उस्तादानं शागिर्दाची बोटं दाबून वाजवलं, तर चाल उस्तादाची. लई पोरांस्नी म्या हेच सांगितलं,” मास्तर म्हणाले. “ही तुजी हाय.” तिनं हात सोडला. तो मांडीवर आपटला आणि संगणकातून खर्ज निघाला. “ह्यो माजा,” ते म्हणाले. “एवढा ठिव.”