खंडेनवमीचा ऊस

निपाणीहून आप्पा खंडेनवमीला बेंगळुरूला आले की गावाकडचा ऊस माझ्या जुन्या स्कूटरच्या हँडलला बांधायचे. उसाच्या बिलातूनच ती त्यांनी माझ्यासाठी घेतली होती. यंदा पूजेच्या आदल्या दिवशीच ती बंद पडली. हेब्बाळच्या मेकॅनिकनं पेट्रोलची नळी काढून दाखवली. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. “अक्का, हल्ली पेट्रोलात उसापासून काढलेलं इथेनॉल असतं. नव्या गाड्यांना चालतं, जुन्यांचं रबर खातं.” आप्पांनी नळी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि भर रहदारीतून गुऱ्हाळाच्या धुरात, सळसळत्या फडात कुठंतरी निघून गेले. नवी नळी बसली. पूजेला मी चाकाखाली लिंबू ठेवलं. ऊस बांधायचा का, विचारायला वळले, तर आप्पा उसावरून हात फिरवत बैलाशी बोलावं तसं पुटपुटत होते, “माझी लेक बसती हिच्यावर. जरा दमानं, राजा.”