मार्लिसबाईंचं पहिलं विधेयक

“या विधेयकाचा बदकांवर काय परिणाम होईल?” मागच्या बाकावरच्या आमदाराने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं.

सभागृह आधीच हसायला लागलं होतं. नव्या आमदाराच्या पहिल्या विधेयकाचा इथे एक रिवाज होता. आधी वेडेवाकडे प्रश्न, मग सगळ्यांनी मिळून लाल बटण, नव्या माणसाचा पडलेला चेहरा, हशा, आणि शेवटी मतदान बंद व्हायच्या आत सगळ्यांनी मत बदलून सगळे दिवे हिरवे. पहिलं विधेयक आजवर कुणाचंच पडलं नव्हतं. एकाने भाषणाऐवजी घरच्या वाणसामानाची यादी वाचली होती, त्याचंही मंजूर झालं.

म्हणूनच बहुमतवाल्यांचे नेते ड्वेन कोस्टेलेक यांनी स्वतःचं विधेयक नव्या आमदार मार्लिस ट्वेट यांच्या हाती दिलं होतं. चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत घर भाडेकरूचं असतं आणि जमीन मालकाची. मालकाच्या मनात आलं तर भाडेकरूने पाच दिवसांत घर उचलून न्यावं, एवढाच विधेयकाचा मजकूर. घरांना चाकं होती हे खरं, पण ती कधीच जमिनीत रुतली होती. अशा चार वसाहती ड्वेन यांच्याच होत्या.

आणि आमदार होण्याआधी मार्लिसबाईंची सगळी वकिली याच घरांतल्या माणसांच्या बाजूने झाली होती. त्यामुळे आजची गंमत जास्तच रंगली होती. वर सज्जात त्यांची जुनी अशील बर्निस फ्रोलिक स्वेटर विणत बसली होती. तिचं घर ड्वेन यांच्याच जमिनीवर होतं.

“अध्यक्ष महोदय, बदकं भाड्याच्या जागेत राहत नाहीत,” मार्लिसबाई म्हणाल्या. “राहत असती तर त्यांनाही पाच दिवस मिळाले असते. आत्तासारखी मिसुरी नदी गोठलेली असतानासुद्धा.”

“आणि वकीलबाई, तुम्ही ओव्हनमध्ये हॉटडिश भाजता, त्यात बटाट्याचा थर वर की खाली?”

“वर. खाली घालणाऱ्याची केस मी घेत नाही.”

अध्यक्ष ऑर्विल यांनी मतदान पुकारलं. ड्वेन यांनी सगळ्यात आधी लाल बटण दाबलं आणि मागे वळून बाकीच्यांना खुणावलं. भिंतीवरचा फलक लालेलाल झाला. मार्लिसबाईंनीही लालच दाबलं. यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

“बाईला गंमत कळते हो,” ड्वेन शेजाऱ्याला म्हणाले.

आता चेहरा पडायचा होता. मार्लिसबाई उभ्या राहिल्या. चेहरा जागेवरच होता.

“अध्यक्ष महोदय, विधेयक मांडणारी सदस्य म्हणून विनंती करते. मतदान बंद करा.”

“आत्ता?”

“आत्ता. विनंती आली की बंद करावंच लागतं. नव्या आमदारांच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत.”

ऑर्विल यांनी चष्मा लावला, काढला. ते आयुष्यात नियमाबाहेर गेले नव्हते. घरी त्यांच्या बायकोलाही बोलण्याआधी हात वर करावा लागायचा. त्यांनी हातोडा आपटला.

“बाजूने कुणी नाही,” सचिवाने वाचलं. “विरोधात सगळे.”

हसणं थोडा वेळ चालूच राहिलं, कारण कधी थांबायचं ते कुणाला कळेना.

“अगं, ते बदलायचं होतं,” ड्वेन मार्लिसबाईंच्या बाकापाशी येऊन म्हणाले. “गंमत होती ती.”

“हो ना. मलाही आवडली.”

“उद्या पुन्हा मांडू.”

“एकही मत न मिळालेलं विधेयक दोन वर्षं पुन्हा येत नाही. एक हिरवं असतं तरी चाललं असतं, ड्वेनसाहेब. तुम्ही तर सगळ्यात आधी लाल दाबलंत.”

“मी तुझ्यावर विश्वास टाकला होता.”

“मांडते म्हणाले होते. मांडलं.”

पहिल्या विधेयकानंतर नव्या आमदाराने सगळ्यांना गोड खायला घालायचं, हाही रिवाजच. साखरेच्या पाकात बुडवलेल्या रोलचे ट्रे आत आले. ड्वेन यांनी सवयीने एक उचलला. अजून कोमट होता. दुसऱ्या घासाला राग टिकवणं त्यांना जड जाऊ लागलं.

“कुठल्या बेकरीचे?”

मार्लिसबाईंनी वर सज्जाकडे पाहिलं. बर्निसने विणकाम मांडीवर ठेवून हात हलवला.

“बेकरीचे नाहीत, तुमच्याच जमिनीवर भाजलेत,” मार्लिसबाई म्हणाल्या. “तिचा ओव्हन जड आहे हो. पाच दिवसांत हलला नसता.”